शंखी गोगलगाय मिठाने हटत नाही

शंखी गोगलगाय मूळची पूर्व आफ्रिकेच्या किनारपट्टीतली. लिसाचॅटिना फ्युलिका हे तिचे शास्त्रीय नाव. जुन्या पुस्तकांत ती अचॅटिना म्हणून सापडते. भारतात ती आपणहून आलेली नाही. विल्यम हेन्री बेन्सन या शंखांच्या ब्रिटिश अभ्यासकाने १८४७ साली मॉरिशसहून काही जिवंत गोगलगायी कोलकात्याला आणल्या आणि चौरंगी भागातल्या एका बागेत त्या सुटल्या. पुढचा प्रवास रोपवाटिकांच्या कुंड्या, माती, वाळू, लाकडाचे ओंडके आणि मालवाहू गाड्या यांच्यातून झाला. आज जगातल्या शंभर सर्वांत उपद्रवी आक्रमक प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय यादीत तिचे नाव आहे. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड आणि तेव्हाचा उस्मानाबाद म्हणजे आजचा धाराशिव या जिल्ह्यांत तिने नुकते उगवलेले सोयाबीन फस्त केले. अनेकांवर दुबार पेरणीची वेळ आली आणि राज्य सरकारला मदत जाहीर करावी लागली. शहरांत ती सोसायटीच्या कुंपणभिंतीवर, तळमजल्याच्या मोरीत आणि गच्चीवरच्या कुंड्यांत दिसते.

या प्राण्याबद्दल काही समजुती पक्क्या रुजल्या आहेत. मीठ टाकले की मरते. कीटकनाशक फवारले की संपते. बाजारातल्या गोळ्या टाकल्या की काम भागते. तिला खाणारा एखादा शत्रू आणून सोडला की कायमची सुटका होते. आणि काहीच केले नाही तरी चालते, कारण ती पावसाबरोबर येते आणि पावसाबरोबर जाते. यातली एकही समजूत निव्वळ खोटी नाही, म्हणूनच त्या टिकून आहेत. पण या सगळ्यांचा रोख ‘काय टाकायचे’ याकडे आहे. गोगलगायीच्या बाबतीत ‘केव्हा’ आणि ‘कुठे’ हे प्रश्न आधीचे आहेत, आणि त्यांचे उत्तर चुकले की कोणतेही औषध वाया जाते.

ओळखीपासून सुरुवात करावी लागते, कारण गोंधळ तिथेच सुरू होतो. सोयाबीनच्या ओळीत रोपे गायब दिसली की पहिला संशय बियाण्यावर जातो. उगवणच झाली नाही, असे म्हणत कृषी सेवा केंद्राशी भांडण होते. प्रत्यक्षात रोप उगवलेले असते. रात्री त्याची दले आणि शेंडा खाल्ला जातो आणि सकाळी जमिनीलगत फक्त कुरतडलेला खुंट उरतो, कधी तोही उरत नाही. दिवसा शेतात फिरून गोगलगाय दिसत नाही, कारण ती निशाचर आहे. वाणी म्हणजे पैसा हा बहुपाद प्राणीही याच दिवसांत कोवळी रोपे खातो आणि दोघांची गल्लत होते. गोगलगायीची खूण म्हणजे वाळल्यावर चकाकणारा चिकट माग आणि दोरीसारखी लांबट विष्ठा. रात्री आठ-नऊनंतर विजेरी घेऊन बांधाकडच्या चार ओळी पाहिल्या की शंका उरत नाही.

दुसरा गोंधळ याच्या उलटा आहे: दिसली गोगलगाय की मारली. महाराष्ट्रात आणि विशेषतः सह्याद्रीत देशी गोगलगायींच्या कितीतरी जाती आहेत. त्यांतल्या बऱ्याचशा पालापाचोळा, बुरशी आणि शेवाळावर जगतात आणि पिकाच्या वाटेला जात नाहीत. शंखी गोगलगायीचा शंख लांबट, निमुळत्या टोकाचा, तपकिरी रंगावर फिकट उभे पट्टे असलेला असतो. पूर्ण वाढलेल्या गोगलगायीच्या शंखाला सात ते नऊ वेढे पडतात आणि लांबी बहुधा सात ते दहा सेंटिमीटर, क्वचित त्याच्या दुप्पट भरते. शंखाचे टोक वर आणि तोंड पाहणाऱ्याकडे धरले तर तोंड उजव्या हाताला येते. मुंबईच्या परिसरात आढळणाऱ्या एरिओफँटा या देशी गोगलगायीचे तोंड डावीकडे असते आणि शंख चपटा, पातळ असतो. उजव्या तोंडाच्या देशी जातीही आहेत, त्यामुळे आणखी एक खूण तपासावी: शंखाचा मधला दांडा तोंडापाशी जिथे संपतो तिथे शंखी गोगलगायीत तो कापल्यासारखा एकदम तुटलेला असतो. पिल्लांतही ही खूण दिसते. अंगावर शंख नसलेली, चामड्याच्या पट्टीसारखी दिसणारी गोगलगाय, जिला काही भागांत शेंबी म्हणतात, ती वेगळीच.

आता ‘पावसाबरोबर येते’ या समजुतीकडे. गोगलगाय पावसाबरोबर येत नाही. ती त्याच शेतात असते. पाऊस संपून हवा कोरडी होऊ लागली की ती मातीत, बांधाच्या दगडांखाली किंवा पाचटाखाली शिरते, अंग शंखात ओढून घेते आणि तोंडावर पातळ पापुद्रा चढवून निजते. या अवस्थेत ती महिनोन् महिने काढू शकते. पहिला चांगला पाऊस झाला, माती ओली झाली, की पापुद्रा फुटतो आणि भुकेलेला प्राणी बाहेर पडतो. नेमक्या याच दिवसांत सोयाबीन उगवत असते. म्हणजे जूनमध्ये दिसणारी मोठी गोगलगाय ही मागच्या वर्षी न वेचलेली गोगलगाय आहे.

ती पावसाबरोबर निघूनही जात नाही. प्रत्येक गोगलगायीत नर आणि मादी दोन्ही अवयव असतात, आणि मिलनानंतर शुक्राणू साठवून ठेवून ती पुढे अनेक वेळा अंडी घालते. एका खेपेला शंभर ते चारशे अंडी, ओल्या मातीत दोन-चार सेंटिमीटर खोल. आकार मोठ्या साबुदाण्याएवढा आणि रंग पिवळसर पांढरा. एक-दोन आठवड्यांत पिल्ले निघतात आणि सहा महिन्यांच्या आसपास तीही अंडी घालू लागतात. आयुष्य पाच-सहा वर्षांचे. जूनच्या शेवटी वेचलेली एक मोठी गोगलगाय आणि सप्टेंबरमध्ये वेचलेली एक मोठी गोगलगाय बादलीत सारख्याच दिसतात, पण दुसरी वेचली जाईपर्यंत तिची शेकडो पिल्ले शेतात पसरलेली असतात. ‘पीक मोठे झाले, आता ती काय करणार’ असे म्हणून जुलैमध्ये काम थांबवणारे पुढच्या जूनची तयारी करत असतात. सोयाबीन तीन पानांच्या पलीकडे गेले की त्याला फारसा धोका नसतो, हे खरे. पण मिरची, भाजीपाला, पपई, मोसंबी, झेंडू हे सगळे तिला चालते. पाचशेहून अधिक वनस्पती ती खाते.

फवारणीचा आग्रह सर्वांत महागडा. गोगलगाय कीटक नाही; ती मृदुकाय प्राणी आहे. कीटकांच्या मज्जासंस्थेला धरून घडवलेली बरीचशी औषधे तिच्यावर नीट चालत नाहीत आणि अंगभर चिकटा असल्याने स्पर्शविषाचा परिणाम आणखी कमी होतो. काही तीव्र विषे तिला मारतात, पण तेवढ्या मात्रेत ती फवारणाऱ्यालाही सोडत नाहीत. खरा तोटा याहून आडवळणाने होतो. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात थायामिथोक्झामची बीजप्रक्रिया केलेले सोयाबीन पेरले. ते खाणाऱ्या बिनशंखी गोगलगायींना काही झाले नाही, पण त्यांना खाणारे जमिनीवरचे भुंगेरे विषबाधेने मेले किंवा लुळे पडले. शत्रू कमी झाल्याने गोगलगायींचे फावले आणि बीजप्रक्रिया केलेल्या सोयाबीनचेच उत्पादन सुमारे पाच टक्क्यांनी घटले. जात वेगळी, हवामान वेगळे, हे मान्य करावे लागेल. खोडमाशीसाठी आपल्याकडे हीच बीजप्रक्रिया सुचवली जाते, आणि जिथे खोडमाशीचा त्रास आहे तिथे तिचा उपयोगही आहे. पण गोगलगायीवरही ती चालेल, असे म्हणायला आधार नाही.

मिठाची गोष्ट अशी की ते खरोखर मारते. मीठ अंगावर पडले की शरीरातले पाणी बाहेर ओढले जाते आणि गोगलगाय फेस काढत मरते. हा देखावा पाहिलेल्या माणसाला दुसरा उपाय पटवणे कठीण जाते. पण मीठ फक्त ज्या गोगलगायीच्या अंगावर पडते तिलाच मारते. मातीतल्या अंड्यांना, दगडाखाली बसलेल्यांना, शेजारच्या बांधावरच्यांना त्याचा उपद्रव नाही. एका सरीत ते विरघळते आणि उरलेला क्षार कोवळ्या रोपांच्या मुळांशी जातो. शेतात मीठ पसरणे म्हणजे पुढच्या पिकावर आजच कर बसवणे. तेच मीठ बादलीत योग्य ठरते: वेचलेल्या गोगलगायी मिठाच्या किंवा साबणाच्या घट्ट पाण्यात बुडवल्या की मरतात आणि मग खड्ड्यात पुरता येतात. हे पाणी मात्र शेतात किंवा झाडांच्या बुंध्याशी ओतू नये.

चुन्याबाबत लोक अर्धे बरोबर आहेत. कोरड्या, ताज्या विरलेल्या चुन्याचा किंवा राखेचा चार बोटे रुंद पट्टा तिच्या पायाला सोसत नाही आणि ती तो ओलांडत नाही. पावसात हा पट्टा एका रात्रीत निकामी होतो. शिवाय चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून काही दिवसांत खडूसारखा होतो आणि मग तो तिचे अन्न ठरतो, कारण शंख वाढवायला तिला कॅल्शियम लागते. घरांच्या भिंतींवरचा चुना, गिलावा आणि रंग ती खरवडून खाते ते याचसाठी. ओल्या जुलैत कुंपणभर चुना टाकून निश्चिंत झालेला माणूस कदाचित तिच्या जेवणाची सोय करत असतो. मोरचूद वापरणारे उपाय याहून टिकाऊ: तांब्याचा स्पर्श तिला नकोसा वाटतो, त्यामुळे फळझाडांच्या खोडाला बोर्डो पेस्टचा पट्टा लावला की ती वर चढत नाही. तो बागेतला उपाय आहे. सोयाबीनच्या प्रत्येक रोपाला पट्टा लावता येत नाही.

मेटाल्डिहाइडच्या गोळ्यांना मात्र सरसकट झिडकारता येत नाही. २.५ टक्के तीव्रतेच्या गोळ्या, एकरी साधारण दोन किलो, ही नेहमीची शिफारस आहे आणि उद्रेकाच्या वेळी दुसरे काही इतक्या झटपट चालत नाही. हे औषध गोगलगायीच्या चिकट्याच्या पेशी नष्ट करते आणि ती पाणी गमावून मरते. इथेच त्याची मर्यादाही आहे: संततधार लागलेली असेल, जमीन चिंब असेल, तर विष खाल्लेली गोगलगाय पाणी भरून काढते आणि पुन्हा चालू लागते. गोळ्याही विरघळतात. म्हणून उघडीप पाहून, संध्याकाळी, तिच्या लपण्याच्या जागांजवळ टाकलेल्या थोड्या गोळ्या शेतभर उधळलेल्या पोत्याहून जास्त काम करतात. दुसरी अडचण कुत्र्यांची. गोळीत धान्याचा अंश असतो, कुत्री ती आवडीने खातात, त्यांना झटके येतात आणि या विषावर नेमका उतारा नाही. पक्षी आणि रानटी प्राण्यांच्या याच काळजीपोटी ब्रिटनमध्ये मार्च २०२२ अखेर उघड्यावर मेटाल्डिहाइड वापरणे बंद झाले. कोंडा, गूळ आणि मिथोमिल कालवून केलेली विषारी आमिषे तर गावाच्या शिवारात, जिथे गुरे आणि मुले फिरतात तिथे, ठेवूच नयेत. लोह फॉस्फेटच्या गोळ्या मिळाल्या तर त्या याहून सुरक्षित आहेत. त्या हळू चालतात, पण खाल्लेली गोगलगाय लगेच खाणे थांबवते, आणि शेतकऱ्याला तेच हवे असते.

शत्रू आणून सोडण्याची कल्पना सर्वांत आकर्षक आणि सर्वांत घातक. हवाईत १९५५ साली शंखी गोगलगाय आवरण्यासाठी युग्लँडिना ही मांसाहारी गोगलगाय मुद्दाम आणण्यात आली. तिने परदेशी गोगलगायीपेक्षा लहान, मंद, देशी गोगलगायी खाणे पसंत केले. ताहिती आणि मूरिया बेटांवर १९७० च्या दशकात हाच प्रयोग झाला. मूरियातल्या पार्टुला वंशाच्या देशी गोगलगायी दहा-बारा वर्षांत निसर्गातून नाहीशा झाल्या, आणि त्यांतल्या काही जाती केवळ प्राणिसंग्रहालयांत जपल्यामुळे वाचल्या. शंखी गोगलगाय या बेटांवर राहिलीच. सह्याद्रीसारख्या देशी जातींनी समृद्ध प्रदेशाशेजारी असा प्रयोग सुचवणाऱ्याने हा इतिहास आधी वाचावा. आपल्याकडे आधीपासून असलेले शत्रू पुरेसे नाहीत, पण ते फुकट आहेत: भारद्वाज, मुंगूस आणि काजव्यांच्या अळ्या गोगलगायी खातात. काजवे कमी करणारी फवारणी या हिशेबातही महाग पडते. बदकेही पिल्ले टिपतात. कोंबड्यांना जिवंत गोगलगायी घालण्याचा सल्ला मात्र टाळलेला बरा, कारण परजीवी कृमींचा वाहक असलेला प्राणी कच्चा खायला घालण्यात शहाणपण नाही.

मग उरते ती वेचणी. तिच्यावर दोन आक्षेप घेतले जातात आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला मजुरीचा: सोयाबीनच्या पेरणीत हाताला माणूस मिळत नाही, तिथे रात्री गोगलगायी कोण वेचणार? दुसरा शेजाऱ्याचा: स्वतःचे रान साफ केले तरी बांधापलीकडून येतातच. पहिल्या आक्षेपाचे उत्तर आमिषात आहे. गोगलगायींच्या मागे फिरायचे नसते, त्यांना एकत्र बोलवायचे असते. दहा लिटर पाण्यात एक-दोन किलो गूळ विरघळवून त्यात बुडवलेली गोणपाटे संध्याकाळी बांधालगत आणि शेतात सात-आठ मीटरवर टाकली, किंवा ओल्या गवताचे छोटे ढीग केले, की सकाळी ऊन चढण्यापूर्वी त्यांच्याखाली गोगलगायी गोळा झालेल्या सापडतात. गुळापेक्षाही ओल आणि सावली काम करते, त्यामुळे गूळ नसला म्हणून थांबण्याचे कारण नाही. पहिल्या पावसानंतर पेरणीच्या आधीच हे सुरू झाले आणि उगवणीनंतर तीन आठवडे टिकले तर त्या वर्षीचे रोप वाचते. जुलै-ऑगस्टमध्ये बांधाची भुसभुशीत, ओली माती खुरप्याने उकरून अंड्यांचे घोस शोधले तर पुढच्या वर्षीचेही ओझे कमी होते. अंडी फोडावीत किंवा उन्हात पसरावीत. वर काढून तशीच सोडून देऊ नयेत.

दुसऱ्या आक्षेपाला एकट्या शेतकऱ्याकडे उत्तर नाही, आणि इथे सल्ला देणाऱ्यांची चूक जास्त दिसते. शेतकऱ्याने काय करावे याची पत्रके निघतात. गावाने काय करावे याची क्वचित. बांध, ओढ्याचे काठ, पाझर तलावाची पिचिंग, गावठाणातले उकिरडे या जागा कुणा एकाच्या नसतात आणि गोगलगायीचा मुख्य साठा तिथेच असतो. उसाच्या फडात वर्षभर ओल आणि पाचट असते, त्यामुळे ऊस आणि सोयाबीन शेजारी असलेल्या शिवारात उद्रेक पुन्हा पुन्हा होतो. नुकसानीनंतर मदत देण्यापेक्षा जूनच्या पहिल्या पंधरवड्यात सामूहिक वेचणीला मजुरी देणे स्वस्त पडेल. रोजगार हमीची यंत्रणा महाराष्ट्रात १९७० च्या दशकापासून आहे. बांधबंदिस्तीची कामे ती करते, तर बांधाची साफसफाई आणि वेचणी तिच्या आवाक्याबाहेर का असावी? किलोप्रमाणे पैसे देण्याला विरोध करणारे म्हणतात की लोक गोगलगायी पाळू लागतील. भीती अगदीच निराधार नाही. म्हणून पैसे वजनावर नव्हे, दिवसावर द्यावेत आणि काम पाऊस पडताच सुरू करून उगवणीनंतरच्या तीन आठवड्यांपुरतेच ठेवावे.

घरात शिरलेल्या गोगलगायीसाठी विष लागतच नाही. ती खाण्यासाठी नव्हे, ओल आणि कॅल्शियमसाठी येते. भिंतीलगतचे कुंड्यांचे थर, विटांचे ढीग, गळका नळ आणि झाकण नसलेली मोरी हे तिचे पत्ते. कुंड्या उचलून, ढीग हलवून आणि नव्या कुंडीची माती घरात आणण्यापूर्वी उकरून पाहिली तर बरेचसे काम होते. उचलताना हातमोजा किंवा चिमटा वापरावा. मारण्यासाठी उकळते पाणी पुरते. कुंपणापलीकडे किंवा रस्त्यावर जिवंत फेकणे हा शहरी सभ्यतेचा सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत निरुपयोगी उपाय आहे.

हातमोज्याला कारण आहे. उंदराच्या फुफ्फुसात राहणारा अँजिओस्ट्राँगायलस हा कृमी गोगलगायीत वाढतो आणि माणसाच्या पोटात गेला तर मेंदूच्या आवरणाला सूज आणतो. भारतातही अशा रुग्णांची नोंद आहे, आणि मुंबईतल्या उंदीर-घुशींमध्ये हा कृमी असल्याचे १९८० च्या दशकातच नोंदले गेले. प्रमाण कमी आहे, घाबरण्यासारखे नाही. पण गोगलगायी फिरणाऱ्या वाफ्यातली मेथी किंवा कोथिंबीर पाने सुटी करून, वाहत्या पाण्याखाली धुवावी आणि मुलांनी गोगलगाय हाताळली तर साबणाने हात धुवावेत. उंदरांचा बंदोबस्तही याच कामाचा भाग आहे, कारण कृमी उंदराच्या विष्ठेतून गोगलगायीत जातो.

पूर्ण निर्मूलन शक्य आहे का, हा शेवटचा वाद. फ्लोरिडात १९६६ मध्ये हवाईहून आणलेल्या तीन गोगलगायींपासून सुरू झालेला प्रादुर्भाव १८,००० हून अधिक गोगलगायी वेचून १९७५ मध्ये संपवण्यात आला. २०११ मध्ये मायामी परिसरात ती पुन्हा सापडली. घरोघरी तपासणी, विषारी गोळ्या आणि वास घेणारी प्रशिक्षित कुत्री वापरून दहा वर्षांत १,६८,००० हून अधिक गोगलगायी नष्ट केल्यावर २०२१ मध्ये तिथले निर्मूलन जाहीर झाले. पुढच्याच वर्षी राज्याच्या दुसऱ्या भागात ती दिसली. भारतात दीड शतकाहून अधिक काळ पसरत आलेला प्राणी महाराष्ट्रातून नाहीसा होईल असे म्हणणे फसवे आहे. एखाद्या गावाच्या शिवारात त्याची संख्या पिकाला न बाधणाऱ्या पातळीवर ठेवता येते, आणि ते ठरते पावसाळ्याच्या शेवटी. ऑक्टोबरमध्ये जमीन सुकू लागली की गोगलगायी बांधाच्या कपारी, गोठ्याच्या भिंती, विहिरीचे कठडे आणि सोयाबीनच्या काडाच्या ढिगांकडे वळतात. त्यावेळी एक वेचणी, काड शेताबाहेर हलवणे, मार्च ते मे या काळात खोल नांगरट आणि बांधाच्या तणाची सफाई, एवढे करावे. ज्या गटांत सर्वाधिक बादल्या भरल्या त्यांची नोंद ग्रामपंचायतीत ठेवली तर पुढच्या जूनमध्ये पहिली गोणपाटे त्याच बांधांवर टाकता येतात.